मशीन हेडचा 'बर्न माय आइज' (१९९४): पहिल्याच अल्बममध्ये एवढं वजन आलं कुठून?

खर्ज (धागाकर्ता)

इथे पँटेरा, मेटॅलिका, आयर्न मेडनवर भरपूर लिहून झालंय. मशीन हेड या अमेरिकन मेटल बँडच्या पहिल्या अल्बमवर मात्र वेगळा धागा सापडला नाही, म्हणून हा काढतोय. 'बर्न माय आइज', ९ ऑगस्ट १९९४, रोडरनर रेकॉर्ड्स. अकरा गाणी, साधारण ५५ मिनिटं. रॉब फ्लिन गायन आणि गिटार, लोगन मेडर गिटार, अ‍ॅडम ड्यूस बास, क्रिस कोन्टोस ड्रम्स. गाव ऑकलंड, कॅलिफोर्निया.

मला या अल्बमबद्दल एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. याचं वजन आवाजाच्या पातळीत किंवा वेगात नाही, राखून ठेवलेल्या वेगात आहे. फ्लिन त्याआधी व्हायो-लेन्समध्ये होता. त्यांचा १९८८चा 'इटर्नल नाइटमेअर' ऐका. बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या) थ्रॅश, म्हणजे सुसाट वेगाच्या मेटलच्या बँडांमध्येही इतका सुसाट उजवा हात फार थोड्यांकडे होता. त्या हाताला सवय होती दर मात्रेत चार-चार, सहा-सहा फटके भरायची. 'बर्न माय आइज'मध्ये तोच हात दोन फटके मारतो आणि थांबतो. त्या थांबण्यात आपण अडकतो. पुढचा फटका कधी पडणार हे अंगाला कळलेलं असतं, मान आधीच खाली जायला लागते, आणि तो बरोबर तिथेच पडतो. हळू वाजवणारे बँड तेव्हाही पुष्कळ होते. पण मूळचा धावणारा हात हळू वाजवतो तेव्हा त्या संथपणात एक ताण राहतो. 'डेथ चर्च' ऐकताना मला सतत वाटतं की आता सुटेल, आता सुटेल. ते सुटत नाही. मग 'ब्लड फॉर ब्लड' येतं तेव्हा सगळं धरण एकदम फुटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे यातल्या रागाला पत्ता आहे. 'डेव्हिडियन' हे गाणं टेक्सासमधल्या वेकोच्या वेढ्यावरून आलंय. २८ फेब्रुवारी १९९३ला सरकारी बंदूकधारी डेव्हिड कोरेशच्या पंथाच्या वस्तीवर गेले, ५१ दिवस वेढा चालला, १९ एप्रिलला आग लागली आणि त्या दिवशी आतली ७६ माणसं मेली, त्यांत लहान मुलंही होती. अख्ख्या अमेरिकेने हे टीव्हीवर बघितलं. पुढच्याच वर्षी आलेल्या अल्बमचं हे पहिलं गाणं. उगाच ड्रॅगन, सैतान, तलवारी नाहीत.

तुम्हाला यातलं काय धरून ठेवतं? सविस्तर लिहा.

टिपरी

धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी ड्रम्स शिकवतो, त्यामुळे कोन्टोसवर बोलल्याशिवाय राहवणार नाही.

फ्लिनच्या थ्रॅशबद्दल तुम्ही लिहिलंत, पण कोन्टोस आला हार्डकोर पंकमधून. बे एरियातल्याच अ‍ॅटिट्यूड अ‍ॅडजस्टमेंटमध्ये तो वाजवायचा. हार्डकोरच्या ड्रमरला एक गोष्ट पक्की येत असते: समोरची गर्दी कधी धावणार आणि कधी जागच्या जागी उसळणार, हे तो ठरवतो. ती समज या अल्बममध्ये पानोपानी आहे.

'डेव्हिडियन'ची सुरुवात हेडफोनवर ऐका. आधी ड्रम्स एकटे येतात. गिटार आली की किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि गिटारचा दाबलेला सूर एकमेकांना चिकटून पडतात. डबल किक म्हटलं की लोकांना सलग दळण आठवतं. इथे ती तुकड्यातुकड्यांनी येते. गिटार थांबली की पायही थांबतो. मधल्या रिकाम्या जागेत फक्त स्नेअर, म्हणजे काठीने मारायचा तो कडक आवाजाचा ड्रम. हा स्नेअर कोन्टोस घाईने मारत नाही, किंचित मागे रेलून मारतो. मेट्रोनोम लावून बघितलं तर फरक केसाएवढा असेल, पण तो काढला तर गाणं सपाट होतं.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना वाटतं पाय वेगात चालले की मेटल जमलं. मी त्यांना 'ओल्ड' वाजवायला देतो. गाणं फार अवघड नाही, हातपाय सगळे बसतात, आणि तरी ऐकायला काहीतरी कमी पडतं. मग किक न मारायच्या जागा तोंडाने म्हणायला लावतो. एक-दोन आठवड्यांत रेकॉर्डिंगमध्ये फरक ऐकू येतो.

कोन्टोस १९९५मध्ये बाहेर पडला. नंतर आलेला डेव्ह मॅकलेन तंत्रात जास्त सफाईदार, यात वाद नाही. पण हा रेलून वाजवण्याचा ऐवज पहिल्या अल्बमचाच.

उतरत्या_तारा

+१ टिपरी. आता गिटारच्या बाजूने थोडं.

हार्मोनियमच्या भाषेत सांगतो म्हणजे सगळ्यांना कळेल. गिटारची सगळ्यात जाड तार एरवी पांढरी तीनला लावतात. 'डेव्हिडियन'मध्ये ती खाली उतरवून पांढरी सातपर्यंत नेली आहे, पण नेमकी पांढरी सातही नाही. पांढरी सात आणि तिच्या वरची पांढरी एक यांच्या जवळजवळ मधोमध ती बसते. ट्यूनर लावून अल्बमबरोबर वाजवायला बसलात की काहीच जुळत नाही, कानानेच तार चढवावी लागते. एकदा जुळली की अंगावर काटा येतो.

तार एवढी उतरवली की ती ढिली पडते. ढिल्या तारेवर थ्रॅशसारखा वेगाने हात फिरवला तर चिखल होतो, एक सूर दुसऱ्यात मिसळतो. म्हणजे खर्ज म्हणतात तो आवर काही अंशी तारेनेच लादलेला आहे. खोल सूर हवा तर त्याला घुमायला वेळ द्यावा लागतो. आणि एवढ्या खालच्या सुरांच्या मध्येच ती उंच शिट्टी येते, तारेला बोट नुसतं टेकवून काढलेली. इतक्या अंधाऱ्या आवाजात ती सुरीसारखी चमकते. पुढे ही शिट्टी मशीन हेडची सहीच झाली.

ध्वनिमुद्रणाचं श्रेय कॉलिन रिचर्डसनला. हा इंग्लंडचा माणूस, १९९३चा कार्कसचा 'हार्टवर्क' त्याचाच. त्या काळातल्या कितीतरी मेटल अल्बममध्ये बास गिटार शोधावी लागते. इथे ड्यूसचा बास गिटारच्या खाली जमिनीसारखा पसरलेला आहे आणि तरी त्याची तार खरवडलेली ऐकू येते. 'अ थाउजंड लाइज'मध्ये फक्त बास ऐकत बसा एकदा.

अवांतर: मुखपृष्ठ डेव्ह मॅकीनचं आहे. पुढच्या वर्षी आलेल्या फिअर फॅक्टरीच्या 'डीमॅन्युफॅक्चर'चंही त्याचंच.

निखळ

मी थोडा विरोधी सूर लावतो.

एक, यात नवीन काय होतं? पँटेराचा 'व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर' १९९२चा, सेपुल्तुराचा 'केऑस ए.डी.' १९९३चा. मार्च १९९४ला पँटेराचा 'फार बियॉन्ड ड्रिव्हन' अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला होता. प्रॉन्ग आणि हेल्मेट हे बँडही होतेच. ऑगस्टमध्ये मशीन हेड आले तेव्हा ताट वाढलेलं होतं.

दोन, 'डेव्हिडियन'मध्ये स्वातंत्र्याच्या जयघोषाला बंदुकीच्या बाराची जोड दिली आहे. हजारो पोरं मूठ वर करून ती ओळ ओरडतात. वेकोमध्ये मेलेल्या मुलांचं त्यांना काय? मला तो प्रकार बघवत नाही. राग व्यक्त करणं वेगळं आणि रागाची झिंग चढवणं वेगळं.

तीन, शेवटचं 'ब्लॉक'. शिव्या घोळवत अल्बम संपवणं मला पोरकट वाटतं.

खर्ज

@निखळ, मुद्दे नेमके आहेत, म्हणून एकेक घेतो.

पँटेराशिवाय हा अल्बम असा झाला नसता, हे मला मान्य आहे. पण दोन्ही एकापाठोपाठ ऐका. पँटेराचा गिटारवादक डायमबॅग डॅरेल, त्याच्या वाजवण्यात टेक्सासचा ब्लूज आहे, डौल आहे, सोलो सुरू झाला की तो मनापासून खेळतो. 'बर्न माय आइज'मध्ये डौल औषधालाही नाही. सोलो येतात ते आखूड, किंचाळून जाणारे. पँटेरा समोर उभे राहून आव्हान देतात. मशीन हेडचा आवाज कोपऱ्यात दाबलेल्या माणसाचा आहे. 'आय'म युअर गॉड नाऊ' घ्या. व्यसनावरचं गाणं, आणि बोलतंय खुद्द व्यसनच. सुरुवातीचा तो हळू, स्वच्छ गिटारचा भाग ऐकताना घसा कोरडा पडतो. असं गाणं पँटेराने केलं नसतं, त्यांची जातकुळीच निराळी.

ओळीबद्दल. अमेरिकेत शाळेपासून घोकून घेतलेल्या देशभक्तीपर गीतातले ते शब्द आहेत. सरकारी बंदुकांनी वेढलेल्या वस्तीवरच्या गाण्यात ते शब्द आणून ठेवले, याला मी झिंग म्हणणार नाही, आरोप म्हणेन. गर्दीतल्या प्रत्येकाला तो कळतो असा माझा दावा नाही. पण गाणं गर्दीच्या समजेवर तोलायचं का, यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही.

'ब्लॉक'बद्दल सांगतो. दहा गाण्यांत पोलीस, चर्च, टीव्ही, व्यसन असं नाव घेऊन बोलून झाल्यावर शेवटी बोलायला काहीच उरत नाही, नुसता संताप उरतो. तो तसाच ठेवलाय. मला ते प्रामाणिक वाटतं.

उपसागर

मी गेली बरीच वर्षं ईस्ट बेमध्ये, फ्रीमाँटला राहते. मेटल माझ्या मुलामुळे घरात आलं आणि आता त्याच्यापेक्षा मीच जास्त ऐकते. जागेबद्दल थोडं लिहिते, कारण ऑकलंड कळल्याशिवाय हा अल्बम अर्धाच कळतो असं माझं ठाम मत झालंय.

सॅन फ्रान्सिस्को आणि ऑकलंड यांच्यामध्ये फक्त एक पूल आहे. पण अलीकडे बंदर, गोदामं, रेल्वेचे रूळ आणि मालाचे कंटेनर. १७ ऑक्टोबर १९८९च्या भूकंपात वेस्ट ऑकलंडमधला दुमजली महामार्ग कोसळला आणि त्या एका जागी ४२ माणसं दगावली. त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९९१मध्ये, ऑकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला. त्यात २५ जण गेले, हजारो घरं राख झाली. बँड सुरू झाला तो याच महिन्यात. शिवाय क्रॅक कोकेनने वस्त्या पोखरल्या होत्या. मग २९ एप्रिल १९९२ला रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस कोर्टातून सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं. 'रिअल आइज, रिअलाइज, रिअल लाइज' या गाण्यात गायन जवळजवळ नाहीच, त्या दंगलीच्या काळातले बातम्यांचे आणि रस्त्यावरच्या माणसांचे आवाज आहेत. इथल्या माझ्या ऑफिसातल्या वयस्क सहकाऱ्यांना मी ते ऐकवलं. एक बाई काही वेळ गप्पच बसल्या, मग त्या आठवड्यात आपण मुलांना शाळेत का पाठवलं नव्हतं ते सांगू लागल्या. मेटलशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

ध्वनिमुद्रण बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत झालं, ऑकलंडला अगदी खेटून. आता तो बंद आहे, २०१८ला टाळं लागलं. याच स्टुडिओत १९९३च्या शरद ऋतूत ग्रीन डेचा 'डूकी' ध्वनिमुद्रित झाला होता. एकाच परिसरातली, थोडीफार एकाच पिढीची मुलं, एकाच इमारतीत थोड्याच अंतराने दोन अल्बम करून गेली. एकात कंटाळा आणि खिदळणं, दुसऱ्यात हा डोंगराएवढा राग. मला दोन्ही आवडतात आणि दोन्ही या गावचेच वाटतात.

यमनी

वाचनखूण साठवली. मी मुळात ख्याल ऐकणारी. या धाग्यामुळे काल रात्री अल्बम पहिल्यांदा पूर्ण ऐकला.

लय मला लगेच भेटली. ठाय (संथ लय) आणि दून (दुप्पट लय) यांचा खेळ ओळखीचाच आहे. 'अ नेशन ऑन फायर' संथ सुरू होतं आणि शेवटी जे धावत सुटतं, त्याचा हिशेब मला लावता आला. समेची ओढही जाणवली. खर्ज, तुम्ही मान खाली जाण्याबद्दल लिहिलंत ते अगदी खरं, मैफलीत समेवर सगळ्यांची मान जाते तशीच माझी जात होती.

अडतं ते आवाजापाशी. हा माणूस सतत का ओरडतो? सुरात गाता येत असूनही ओरडतोय की येतच नाही? आणि शब्द वाचले नाहीत तर एकही कळत नाही. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

उतरत्या_तारा

@यमनी, फार चांगला प्रश्न.

फ्लिनला गाता येतं. 'नन बट माय ओन' पुन्हा लावा आणि सुरुवातीपासून त्याचा आवाज कुठे कुठे जातो ते बघा. कुजबुज, पुटपुट, सुरात धरलेली ओळ, आणि मग फाटलेला आवाज. या अल्बमचा ओरडा डेथ मेटलसारखा सगळा गुरगुरता नाही. बोलण्याच्या जवळचा आहे, रस्त्यावर भांडताना माणूस शेवटच्या शब्दावर जोर देतो तसा. बऱ्याच ओळींचे शेवट थेट स्नेअरवर आपटतात. शब्द न समजता फक्त आघात कुठे पडतो एवढंच ऐकलंत तर आवाज हे पाचवं तालवाद्य आहे असं वाटायला लागेल. शब्दांकडे त्यानंतर वळा.

आणि हेडफोनवर ऐकत असाल तर आवाज थोडा कमी ठेवा. हा अल्बम हळू आवाजातही जड लागतो.

यमनी

'नन बट माय ओन' पुन्हा ऐकलं. हे आधी सांगायला हवं होतंत! सुरुवातीची ती गिटार किती अस्वस्थ करणारी आहे. आवाज अजून पूर्ण पचलेला नाही, पण आता तो कुठे सोडतो आणि कुठे धरतो ते कळू लागलंय. 'आय'म युअर गॉड नाऊ' मात्र रात्री एकटीने ऐकणार नाही.

डोंबिवली_फास्ट_लेन

आमच्याकडे हा अल्बम आला तो कॅसेटवर कॉपी होऊन. कॉलेजातल्या एका मित्राच्या मोठ्या भावाने मूळ कॅसेट बाहेरून आणली होती. कॉपीची कॉपी, वरचे सूर सगळे उडालेले, नुसतं खालचं घुमणं शिल्लक. पुढे सीडी मिळाली तेव्हा ती उंच शिट्टी पहिल्यांदा नीट ऐकली. पण ग्रूव्ह, म्हणजे अंग हलवणारा तो ठेका, त्या मळक्या कॅसेटवरही शाबूत होता, यातच सगळं आलं. ट्रेनच्या दारात वॉकमन लावून 'द रेज टू ओव्हरकम' ऐकत उभं राहायचं आणि ठाणे कधी आलं कळायचं नाही.

मुंबईत पुढे जे जड, ग्रूव्हवर उभे असलेले बँड आले, झिग्नेमासारखे, त्यांच्या कार्यक्रमांत समोरची गर्दी कशी हलते ते बघा. अतिवेगवान भागाला लोक बघत राहतात. रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) अर्ध्या लयीत आला की अख्खं मैदान एकत्र खाली जातं. टिपरींनी वर उसळणाऱ्या गर्दीबद्दल लिहिलंय ते मी रांगेत पुढे उभं राहून अनुभवलंय.

निखळ

उपसागर यांचा प्रतिसाद वाचून 'रिअल आइज' परत ऐकलं. ते गाणं जबरदस्त आहे, मान्य. त्या आवाजांखाली वाद्यं जशी हळूहळू चढत जातात तसं फार कमी मेटल बँडांना सुचतं. 'डेव्हिडियन'बद्दलचं मत कायम आहे.

एक विचारतो. पहिला अल्बम एवढा जमला, मग पुढे काय झालं? 'द मोअर थिंग्ज चेंज' १९९७चा, तो मला याच्या जवळपासही वाटत नाही. नंतर २००७चा 'द ब्लॅकनिंग' मोठा झाला, पण तो अगदीच वेगळा, लांबलचक थ्रॅशकडे परतलेला.

खर्ज

'द मोअर थिंग्ज चेंज'मध्ये गाणी चांगली आहेत, पण सगळीकडे दाब सारखाच आहे, सोडणं नाही. 'बर्न माय आइज'मध्ये प्रत्येक जड भागाच्या शेजारी एक मोकळी जागा ठेवलेली आहे. ती कुठून आली याचं उत्तर टिपरींनी दिलंच आहे, एक थ्रॅशवाला आणि एक हार्डकोरवाला एकमेकांना सांभाळून घेत होते. त्यातला एक गेला की तोल बदलणारच. शिवाय पहिल्या अल्बमनंतर ते सतत दौऱ्यावर होते. स्लेअरबरोबर युरोप फिरले, तिथल्या लोकांनी डोक्यावर घेतलं, ब्रिटनच्या यादीत अल्बम २५व्या क्रमांकापर्यंत गेला. पहिल्या अल्बमची गाणी ऑकलंडमध्ये राहून लिहिलेली, दुसऱ्याची तशी नाहीत. मला तरी तो फरक ऐकू येतो.

टिपरी

याला जोड देतो. २०१९मध्ये अल्बमला २५ वर्षं झाली तेव्हा मेडर आणि कोन्टोस दोघेही परत आले आणि फ्लिनबरोबर त्यांनी दौऱ्यात अख्खा अल्बम वाजवला. काही गाणी स्टुडिओत थेट वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रितही केली. मधल्या काळात मेडर ध्वनिमुद्रणाकडे वळला होता, गोजिराच्या २००८च्या 'द वे ऑफ ऑल फ्लेश'चं मिक्सिंग त्याचंच.

नवं 'डेव्हिडियन' आणि जुनं एकापाठोपाठ लावून बघा. नव्यात आवाज जास्त भरदार आहे, फ्लिनच्या आवाजाला वय आलंय आणि ते शोभतं. कोन्टोस अजूनही तसाच रेलून मारतो. पण मला जुनंच पसंत आहे, कारण त्यात चौघेही अजून एकमेकांचा अंदाज घेत वाजवतात. रिफ परत येतो तिथे किक आणि गिटार किंचित धडकतात, आणि पुढच्याच फेरीत बरोबर बसतात. नव्या ध्वनिमुद्रणात ती जागा आधीच गुळगुळीत झालेली आहे.

@यमनी, तुम्ही ठाय-दून ऐकता, तर आता 'ब्लड फॉर ब्लड' घ्या आणि लगेच 'डेथ चर्च' लावा. अल्बममधला क्रम उलटा आहे, पण तुमच्या कानाला या बाजूने जास्त सापडेल.